‘जंतुरोधक’ लिहिलंय म्हणून धुणं सोडू नका



मागच्या पावसाळ्यात रोवणी आटोपल्यावर एका ग्रामसंघाची बैठक भरली होती. तिथे एक विक्रेता आला. त्याच्या पिशवीत हातमोजे, मास्क आणि ॲप्रन होते. त्याने सांगितलं, “ताई, हा माल जंतुरोधक आहे, म्हणून रोज धुवायची कटकट नाही. पुन्हा पुन्हा वापरता येतो. आणि फाटला की मातीत टाका, आपोआप सडून जाईल.”

बैठकीत पशुसखी होत्या, आशाताई होत्या, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बायाही होत्या. सगळ्यांना अशा वस्तू लागतातच. भाव ऐकून काही जणी तयारही झाल्या. तेवढ्यात मागे बसलेल्या एका आजींनी विचारलं, “भाऊ, मातीत सडते म्हणता, अन् जंतू मारते म्हणता. मंग जंतूच मेले तर सडवते कोण?”

विक्रेत्याला उत्तर देता आलं नाही. ग्रामसंघाने ठराव केला की आधी समजून घेऊ, मग पैसे काढू. आजींच्या त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच आजचा पाठ.

जंतू वाढतात कसे?

डोळ्यांना न दिसणारे जिवाणू सगळीकडे असतात. ते इतके लहान की एका मिलिमीटरमध्ये साधारण हजार जिवाणू एका ओळीत बसतील. सगळेच वाईट नसतात. विरजणातले जिवाणू दुधाचं दही करतात आणि शेणखतातले जिवाणू शेतीला मदत करतात. पण काही जिवाणू हगवण लावतात, जखम पिकवतात, आणि तान्ह्या बाळाच्या रक्तात शिरले तर जीवही घेतात.

त्यांना वाढायला तीन गोष्टी पुरतात: ओल, ऊब आणि थोडा खाऊ. विरजण आठवा. कोमट दुधात चमचाभर विरजण लावलं की रात्रीत दही तयार. थंडीत उशीर लागतो, उन्हाळ्यात लवकर लागतं. तोच हिशोब इथेही आहे.

पोटातल्या ई. कोलाय नावाच्या जिवाणूला पूर्ण सोय मिळाली तर साधारण २० मिनिटांत एकाचे दोन होतात. म्हणजे एका तासात ८, दोन तासांत ६४ आणि सहा तासांत २ लाख ६२ हजारांच्या वर. बचतीचं व्याज असं वाढलं असतं तर किती बरं झालं असतं!

आता तेंदूपत्त्याच्या हंगामात किंवा गोठा साफ करताना दोन तास घातलेला हातमोजा आठवा. आत घाम म्हणजे ओल. हाताची उष्णता म्हणजे ऊब. कातडीचा मळ म्हणजे खाऊ. तिन्ही गोष्टी हजर.

मातीत सडणारं प्लास्टिक म्हणजे काय?

आपल्याकडे पळसाच्या पानांची पत्रावळ असते. जेवण झालं की उकिरड्यावर टाकतो आणि काही दिवसांत ती माती होते. का? कारण बुरशी आणि जिवाणू ती खातात. म्हणूनच पत्रावळ धुऊन आठवडाभर कोणी वापरत नाही. जी वस्तू मातीत लवकर सडते ती वापरातही लवकर खराब होते. हा एवढा मुद्दा पक्का लक्षात ठेवा.

सडणाऱ्या प्लास्टिकचे प्रकार पुष्कळ आहेत. त्यातलं सगळ्यात जास्त चालणारं म्हणजे पीएलए. मका किंवा उसातली साखर आंबवून त्यापासून ते बनवतात. पण ते पत्रावळीसारखं सहज सडत नाही. त्याला आधी ओल आणि उष्णता लागते. पाण्याने आणि उष्णतेने त्याच्या लांब साखळ्या तुटून बारीक तुकडे होतात, मग जिवाणू ते तुकडे खातात. मोठ्या खतप्रकल्पात ५८ अंशाच्या आसपास उष्णता राखतात, तिथे हे काही महिन्यांत होतं. आपल्या उकिरड्यात एवढी उष्णता टिकत नाही. तिथे ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहू शकतं. काही प्रकारांत स्टार्च, म्हणजे पिठूळ पदार्थ मिसळलेला असतो. ते लवकर कुजतात, पण ओल लागली की तोच स्टार्च जंतूंचा खाऊ होतो.

आणखी एक अडचण आहे. पीएलए ५५ ते ६० अंशाला मऊ पडतं. म्हणजे मास्कची कडा किंवा चेहऱ्यावरच्या ढालीची पट्टी पीएलएची असेल आणि आपण ती कापडासारखी उकळत्या पाण्यात टाकली, तर तिचा आकार बिघडेल. मग मास्क चेहऱ्याला नीट बसणार नाही आणि फटीतून हवा जाईल.

जंतुरोधक म्हणजे काय?

घरी तांब्याचा गुंड असतो. तांब्यावर जिवाणू फार काळ तग धरत नाहीत, हे खरं आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००८ साली तांब्याच्या काही मिश्रधातूंना ‘जिवाणू मारणारा पृष्ठभाग’ अशी मान्यता दिली. तरीही आपण गुंड चिंचेने घासतोच ना? कारण आत थर बसला की पाणी तांब्याला लागतच नाही. थराच्या वरच्या जंतूंना तांबं काही करू शकत नाही.

प्लास्टिकमध्येही असंच काही मिसळतात. चांदीचे अतिबारीक कण, झिंक ऑक्साइड, तांबं, किंवा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून काढलेलं कायटोसान. यातला अंश ओलसर पृष्ठभागावर येतो आणि तिथल्या जिवाणूला मारतो किंवा त्याची वाढ रोखतो. शास्त्र खरं आहे, त्यात फसवणूक नाही. पण त्याला तीन मर्यादा आहेत.

पहिली: औषध फक्त पृष्ठभागाला चिकटलेल्या जंतूवर चालतं. वर घाम, रक्त, शेण किंवा तेलाचा थर बसला की औषध खाली आणि जंतू वर.

दुसरी: औषध संपतं. चांदीसारखं औषध थोडं थोडं बाहेर पडूनच काम करतं. दर धुण्याला ते कमी होतं. नव्या वस्तूचा गुण तिसाव्या धुण्यानंतर तेवढाच राहील, असं धरून चालू नये.

तिसरी: वेळ लागतो. हात लागला आणि जंतू मेला, असं होत नाही. काही वस्तूंना तासन्‌तास लागतात.

आता आजींच्या प्रश्नाचं उत्तर

आजींनी नेमकं बोट ठेवलं होतं. सडण्याचं काम जंतूच करतात. औषध भरपूर घातलं तर सडणं लांबतं. औषध कमी घातलं तर सडेल, पण जंतूही लवकर वाढतील. बनवणारे यातला मधला मार्ग शोधतात. ओलीने आणि उष्णतेने प्लास्टिक आधी तुटतं, औषध हळूहळू निघून जातं, मग मातीतले जंतू आणि बुरशी त्यावर चढतात. म्हणून एकच वस्तू आधी जंतुरोधक आणि नंतर सडणारी असू शकते.

पण ‘पुन्हा पुन्हा वापरा’ हा तिसरा शब्द आला की गाडी अडते. आपण वस्तू धुतो म्हणजे तिला पाणी देतो. गरम पाणी आणि सोडा वापरला तर सडण्याची पहिली पायरी आपणच सुरू करतो. पृष्ठभाग खरखरीत होतो, त्यावर बारीक भेगा पडतात आणि त्या भेगांत जंतू लपतात. म्हणून ‘जंतुरोधक, सडणारं, पुन्हा वापरण्याजोगं’ हे तिन्ही शब्द एकाच पाकिटावर दिसले तर प्रश्न विचारा. तिन्ही एका वेळी पूर्ण खरे असणं अवघड आहे.

‘९९.९ टक्के’ म्हणजे किती?

पाकिटावर हा आकडा हमखास असतो. तो येतो प्रयोगशाळेतून. आयएसओ २२१९६ नावाची एक जागतिक चाचणी आहे. त्यात प्लास्टिकचा ५ सेंटिमीटर बाय ५ सेंटिमीटर तुकडा घेतात, त्यावर जिवाणूंचं पाणी टाकतात, वर पातळ पापुद्रा झाकतात आणि ३५ अंशाला २४ तास ओलसर ठेवतात. मग किती जिवाणू उरले ते मोजतात.

या चाचणीत तुकडा नवा आणि स्वच्छ असतो. त्यावर ना घाम, ना शेण, ना चिखल. आणि वेळ मिळतो पूर्ण २४ तास. आपली पशुसखी एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जायला २४ तास थांबत नाही.

आता आकड्याचा हिशोब करू. वस्तूवर १० लाख जंतू आहेत. ९९.९ टक्के मेले. उरले किती? एक हजार. हे हजार जंतू ओल, ऊब, खाऊ मिळून दर २० मिनिटांनी दुप्पट झाले, तर दहा वेळा दुप्पट झाल्यावर पुन्हा १० लाखांच्या वर जातात. वेळ लागतो ३ तास २० मिनिटं. हातमोज्यात जंतूंना इतकी पूर्ण सोय रोज मिळत नाही, वाढ सावकाश होते, हे खरं. पण ओला हातमोजा रात्रभर पिशवीत गुंडाळून ठेवला तर सकाळी काय होईल याचा अंदाज या हिशोबावरून येतो.

बुळबुळीत थर

पाण्याच्या ड्रमला आतून बुळबुळ लागते, ती काय असते? जंतू पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट पदार्थाचं घर बांधतात. या घरातल्या जंतूंना औषध सहज पोहोचत नाही. नुसतं पाणी ओतून ते निघतही नाहीत. साबण लावून घासावंच लागतं. हातमोज्याच्या बोटांच्या टोकांत, मास्कच्या शिवणीत, थ्रीडी प्रिंटरवर बनवलेल्या वस्तूच्या थरांमधल्या खाचांत हा थर आधी बसतो. म्हणून धुताना तिथेच जास्त लक्ष द्या.

गाळणं वेगळं, मारणं वेगळं

२०२० च्या टाळेबंदीत राज्यभरातल्या बचत गटांनी लाखो कापडी मास्क शिवले. आपल्यापैकी किती तरी जणींनी तेव्हा रात्र रात्र मशीन चालवली. त्या मास्कमध्ये औषध नव्हतं. सूती कापडाचे थर आणि रोजचं धुणं, एवढीच त्यांची ताकद होती. ते उकळता येत होते आणि उन्हात वाळवता येत होते.

पुढे औषधी थराचे मास्कही आले. पुण्याच्या थिंकर टेक्नॉलॉजीज या कंपनीने केंद्र सरकारच्या तंत्रज्ञान विकास मंडळाच्या मदतीने विषाणू मारणाऱ्या थराचा मास्क बनवला. जून २०२१ मध्ये त्याची माहिती जाहीर झाली. त्या थरात सोडियम ओलेफिन सल्फोनेट होतं. नाव मोठं आहे, पण हा साबणाच्या जातीचाच पदार्थ. विषाणूभोवतीचं चरबीचं आवरण तो फोडतो. म्हणजे नव्या तंत्रातही कामाला आला तो साबणाचाच गुण.

यातून एक फरक शिकायचा. पाकिटावर ‘जिवाणू ९५ टक्के गाळतो’ असं लिहिलं असेल तर तो मास्क जंतू अडवतो. अडवलेला जंतू मेला असं नाही, तो मास्कवर बसलेला असतो. चहाच्या गाळणीत पत्ती अडकते, नाहीशी होत नाही. म्हणून वापरलेल्या मास्कच्या पुढच्या बाजूला हात लावू नये. तो दोऱ्या धरून काढावा आणि मग हात धुवावेत.

आपल्या जिल्ह्याने जगाला काय शिकवलं

साबणाचं मोल आपल्या गडचिरोलीला वेगळं सांगायला नको. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली इथे ‘सर्च’चं काम सुरू केलं. त्या काळी गावात जन्मलेली कितीतरी बाळं पहिल्या महिन्यातच जात. जंतुसंसर्ग हे त्याचं एक मोठं कारण होतं. सर्चने ३९ गावांत गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायांना आरोग्यदूत केलं. साबणाने हात धुऊन बाळाला हात लावणं, वजन करणं, ताप मोजणं, बाळाला ऊबेत ठेवणं, आईचं दूध पाजणं, संसर्गाची लक्षणं ओळखणं आणि वेळेवर औषध देणं, हे सगळं त्या घरोघरी जाऊन करू लागल्या. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. पुढे २०११ पासून देशभरातल्या आशाताई नवजात बाळाच्या घरभेटी देऊ लागल्या.

ही बाळं महागड्या जंतुरोधक वस्तूंनी वाचली नाहीत. शिकलेल्या बाईच्या धुतलेल्या हातांनी, तिच्या नजरेने आणि वेळेवरच्या औषधाने वाचली. आज कोणी आशाताईला सांगितलं की ‘हा हातमोजा जंतुरोधक आहे, धुवायची गरज नाही’ आणि तिने तोच घालून एका बाळाकडून दुसऱ्या बाळाकडे गेली, तर कमावलेलं गमवायला वेळ लागणार नाही.

धुवायचं कसं?

पुन्हा वापरायच्या वस्तूंसाठी ही पद्धत बैठकीत करून दाखवा:

१. हातमोजे हातात असतानाच बाहेरून साबणाने धुवा, मग काढा. उलटे करून आतूनही धुवा.
२. साबण लावून बोटांची टोकं, शिवणी, खाचा चोळा. नुसतं बुडवून ठेवणं म्हणजे धुणं नव्हे.
३. उकळायचं की नाही, हे वस्तू पाहून ठरवा. सूती कापड उकळता येतं. सडणाऱ्या प्लास्टिकची वस्तू उकळू नका.
४. ब्लीचिंग पावडरचं पाणी वापरायचं असेल तर आधी साबणाने मळ काढा. मळ असला की ब्लीचिंगचा जोर मळावरच खर्च होतो. प्रमाण उपकेंद्रातल्या सिस्टरांना विचारून घ्या. ब्लीचिंगमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.
५. पूर्ण कोरडं करा. आपल्याकडे पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन पडत नाही. अशा वेळी घरात दोरीवर, वारा लागेल असं, पसरून टांगा. चुलीच्या धुरावर नको. प्रत्येकीकडे दोन जोड ठेवा, म्हणजे ओला जोड घालायची वेळ येणार नाही.
६. भेग पडली, चिकट झालं, वास धुऊनही जात नाही, तर ती वस्तू बाद करा.

आणि एक पक्का नियम: प्रसूती, रक्त, उघडी जखम, किंवा गाभडलेल्या शेळीचं वार-पिल्लू उचलणं, या कामांना एकदाच वापरायचे हातमोजे घ्या. शेळी गाभडण्यामागे ब्रुसेला नावाचा जिवाणू असू शकतो आणि तो माणसालाही लागतो. असे हातमोजे धुऊन पुन्हा घालायचे नाहीत.

फेकायचं कुठे?

‘मातीत मिसळतं’ म्हणून रक्त लागलेला हातमोजा उकिरड्यावर टाकू नका. तो वितळण्याआधी कुत्रं ओढून नेईल, नाहीतर पोरं फुगा करून खेळतील. आरोग्य उपकेंद्रात जैववैद्यकीय कचऱ्यासाठी रंगीत पिशव्या असतात. त्या कामातला कचरा तिथेच गेला पाहिजे.

गटाचे पैसे काढण्याआधी पाच प्रश्न

१. जंतू मारतं की फक्त अडवतं? कोणते जंतू, आणि किती वेळात?
२. चाचणीचा कागद दाखवा. चाचणी नव्या वस्तूवर केली की धुतलेल्या वस्तूवर? किती वेळा धुतल्यानंतर?
३. कसं धुवायचं? गरम पाणी, सोडा, ब्लीचिंग चालतं का? हे मराठीत लिहून द्या.
४. सडतं म्हणता, तर कुठे? घरच्या खड्ड्यात की खतप्रकल्पात? खत होणाऱ्या प्लास्टिकला आपल्या देशात आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे आणि ते विकण्याआधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते मागा.
५. एका वापराला किती रुपये पडतात? किंमत भागिले किती वेळा वापरता येतं. साध्या हातमोज्याशी तुलना करा.

उत्तरं कागदावर मिळाली नाहीत तर घाई करू नका. गटाचा पैसा एकेका बाईच्या मजुरीतून जमलेला असतो.

बैठकीत करून पाहा

बटाटा उकडून स्वच्छ सुरीने चार चकत्या करा. पहिलीला काहीच लावू नका. दुसरीला न धुतलेला हात लावा. तिसरीला साबणाने धुतलेला हात लावा. चौथीला वापरलेल्या हातमोज्याची आतली बाजू लावा. चारही चकत्या चार पारदर्शक पिशव्यांत घालून घट्ट बांधा, वर नाव लिहा आणि सावलीत ठेवा. चार-पाच दिवसांनी बाहेरूनच पाहा. ठिपके, बुरशी, चिकटपणा कुठे जास्त आहे? पिशव्या उघडू नका. पाहून झालं की तशाच बांधलेल्या कचऱ्यात टाका, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या गावात हातमोजे, मास्क, ॲप्रन कोणकोणत्या कामाला लागतात? कोणत्या कामाला एकदाच वापरायचे हवेत?
२. पावसाळ्यात ते वाळवायची सोय कुठे करता येईल?
३. गटातल्या शिलाई येणाऱ्या सख्या कापडी मास्क आणि ॲप्रन शिवू शकतील का? खर्च किती येईल?

त्या ग्रामसंघाचं पुढे काय झालं? विक्रेत्याकडे कागद मागितले, ते आले नाहीत. मग ग्रामसंघाने गोठ्याच्या कामासाठी साधे जाड रबरी हातमोजे घेतले, प्रत्येकीला दोन जोड. कापडी ॲप्रन गटातच शिवून घेतले. आणि आजींच्या सांगण्यावरून उरलेल्या पैशातून साबणाच्या वड्या घेतल्या. आजी म्हणाल्या, “याच्यावर काही लिहिलेलं नसलं तरी चालते. याचं काम आपल्याले माहीत आहे.”